पेंटबॉल मार्करची निवड आणि खरेदी: सातारा-सांगलीकडील खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचगणी-महाबळेश्वरच्या सहलीत एकदा पेंटबॉल, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडण्याचा खेळ, खेळून आलेली मंडळी आठवडाभरात हटकून एकच प्रश्न विचारतात: त्या गोळ्या हवेच्या किंवा गॅसच्या दाबाने उडवणारे उपकरण, म्हणजे मार्कर, स्वतःचा घ्यायचा झाला तर कोणता घ्यावा? मिरजेत राहून हा खेळ खेळताना आणि इतरांचे मार्कर खोलून बसवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण आपल्या भागात अडचण तिथेच येते.

मार्कर म्हणजे नेमके काय? त्याला बंदूक का म्हणत नाहीत?

मार्कर म्हणजे खूण करणारा, आणि हे नाव शब्दशः खरे आहे. जंगलातील झाडांवर किंवा कळपातील गुरांवर दुरून रंगाची खूण करता यावी म्हणून अमेरिकेतील नेल्सन पेंट कंपनीने डेझी या एअरगन बनवणाऱ्या कंपनीकडून नेल-स्पॉट ००७ नावाचे उपकरण तयार करून घेतले होते. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे बारा जणांनी तेच उपकरण हातात घेऊन रानात ठेवलेले झेंडे गोळा करण्याचा डाव मांडला, आणि तेथून हा खेळ सुरू झाला. त्या पहिल्या डावात जो जिंकला त्याने एकही गोळी झाडली नव्हती. सेकंदाला किती गोळ्या सुटतात, असा पहिलाच प्रश्न करणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

मला मार्कर घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

मार्करपासून करू नये. आधी मास्क घ्यावा, मग हवा किंवा गॅस कोठे भरून मिळणार याचा पत्ता लावावा, त्यानंतर गोळ्यांचा पुरवठा कोण आणि किती दिवसांत करणार हे विचारावे आणि या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच मार्करचे मॉडेल निवडावे. पुण्या-मुंबईच्या माणसाने हा क्रम उलटा केला तर एक वेळ निभावून जाते. विटा, कऱ्हाड किंवा तासगावच्या माणसाचे निभावत नाही. महागडा मार्कर हौसेने मागवून, टाकी भरायची सोय नाही म्हणून तो कपाटावर ठेवून दिल्याची तीन घरे मी स्वतः पाहिली आहेत. त्यांपैकी एका घरी त्याच्या नळीत उदबत्तीचा पुडा खोवलेला होता.

सीओटू घ्यावा की दाबाखालील हवा?

हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात भरला जातो आणि वापरताना त्याचा वायू होतो. टाकीत द्रव शिल्लक आहे तोपर्यंत आतील दाब केवळ तापमानावर ठरतो. १० अंश सेल्सिअसला तो साधारण ४५ बार, २० अंशांना ५७ बार आणि ३० अंशांना ७२ बारच्या आसपास असतो. (मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते, म्हणजे तुलना लक्षात येईल.) ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि टाकी गरजेपेक्षा जास्त भरलेली असेल तर दाब फार वेगाने चढतो. सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते. टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये जादा दाब झाल्यास फुटून गॅस बाहेर सोडणारी पातळ चकती असते. ती फुटली तर माणूस वाचतो, पण कानठळ्या बसतात आणि टाकी रिकामी होते. म्हणून सीओटूची भरलेली टाकी गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये.

तापमानाचा परिणाम खेळातही दिसतो. डिसेंबरातील एका रविवारी पाचगणीजवळच्या माळावर आम्ही सकाळी साडेसातला मार्कर वेगमापकासमोर धरले. आदल्या दुपारी मिरजेत सेकंदाला २७५ फूट वेग दाखवणारा मार्कर तेथे २४० दाखवत होता. एका उत्साही गड्याने वेगाचा स्क्रू फिरवून तो पुन्हा २७५ वर आणला आणि सगळे खूश झाले. दुपारी बाराला ऊन चढल्यावर एकाच्या मांडीवर आलेला वळ पाहून मला शंका आली, म्हणून तोच मार्कर पुन्हा तपासला, तर वेग ३१० वर गेला होता. स्क्रू कोणीही हलवला नव्हता, फक्त टाकी तापली होती. तेव्हापासून सीओटूवर खेळताना वेग सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा, असा दोनदा मोजायचा हा आमचा नियम आहे.

दाबाखालील हवेचे तसे होत नाही. ती टाकीत २०० किंवा ३०० बारच्या आसपास भरलेली असते आणि टाकीच्या तोंडावरील रेग्युलेटर मार्करला बहुधा ५५ ते ६० बार इतका ठरावीक दाब देतो. त्यामुळे वेग स्थिर राहतो, मार्कर गारठत नाही आणि आतील रबरी कड्याही टिकतात. हवा दर्जाने सरस आहे यात वाद नाही. अडते ते भरण्यापाशी.

मग हवा कोठे भरून मिळेल? पंक्चरच्या दुकानात चालेल का?

चालत नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बार दाब देतो, आणि आपल्याला लागतात २००. त्यासाठी श्वसनाची हवा भरणारा उच्चदाबाचा कॉम्प्रेसर लागतो, जो पाणबुडे आणि अग्निशमन दले वापरतात. आपल्या पट्ट्यातून स्कूबा डायव्हिंगचे सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे मालवण-तारकर्ली. दर रविवारी घाट उतरून हवा आणायला कोणी जात नाही, पण काही जण मिळून स्कूबाचे मोठे सिलिंडर रीतसर भरून आणणे आणि त्यातून आपल्या लहान टाक्या भरणे हा मार्ग जगभर वापरला जातो. हिशेब सोपा आहे. १२ लिटरचा, २०० बार भरलेला सिलिंडर आणि ०.८ लिटरची रिकामी टाकी जोडली, तर पहिल्या भरणीत दाब सुमारे १८७ बार मिळतो, दुसऱ्या रिकाम्या टाकीला सुमारे १७५ मिळतो आणि पुढे तो असाच उतरत जातो. विहिरीचे पाणी उपसावे तसे. पहिल्या चार-पाच जणांचे भागते, शेवटच्याला गाळ मिळतो.

हातपंपही मिळतो. तो तीन टप्प्यांचा असतो आणि २०० बारपर्यंत जातो, पण तो लहानशा एअर रायफलसाठी बनवलेला आहे. ०.८ लिटरची टाकी त्याने भरायची म्हणजे खेळण्याआधीच खेळ आटोपतो.

सीओटूची गोष्ट तुलनेने सोपी आहे. कुपवाड, मिरज आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींमध्ये वेल्डिंगला लागणारे वायू पुरवणारे आणि अग्निशामक यंत्रे भरून देणारे व्यावसायिक असतात. आपल्या टाकीचे आटे आणि त्यांची नळी यांचा मेळ बसवणारा अडॅप्टर मात्र आपल्यालाच न्यावा लागतो. भरणी वजनकाट्यावरच करून घ्यावी. टाकीचे रिकामे वजन आधी लिहून ठेवावे, आणि टाकीवर जितका गॅस छापलेला असेल तितकाच, म्हणजे १२ औंसाच्या टाकीत सुमारे ३४० ग्रॅम आणि २० औंसाच्या टाकीत सुमारे ५६५ ग्रॅम, भरू द्यावा. ‘अंदाजाने भरतो, काही होत नाही,’ असे कोणी म्हणाले तर टाकी उचलून घरी यावे.

वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजन असतो. तो भरला तर काय बिघडते?

जीव जाऊ शकतो. उच्च दाबाखालील ऑक्सिजन आणि तेलाचा किंवा ग्रीसचा अंश एकत्र आले की ठिणगीशिवायही पेट घेतात, आणि मार्करमध्ये तेल-ग्रीस असतेच. ऑक्सिजन किंवा कोणताही ज्वलनशील वायू मार्करच्या टाकीत कधीही, गंमत म्हणूनसुद्धा, भरू नये. हवेच्या टाकीच्या भरण्याच्या तोंडालाही तेल लावू नये.

टाकी विकत घेताना काय पाहावे?

टाकीवर कोरलेली तारीख पाहावी. उच्चदाबाच्या टाक्यांची पाण्याच्या दाबाने चाचणी होते. अमेरिकी पद्धतीच्या टाक्यांना ती दर पाच वर्षांनी लागते आणि कार्बन फायबर गुंडाळलेल्या बहुतेक टाक्यांचे एकूण आयुष्य पंधरा वर्षे धरलेले असते. चौदा वर्षांची टाकी स्वस्तात मिळत असेल तर ती महाग पडली असे समजावे. भारतात ५०० मिलिलिटरपेक्षा मोठे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येतात आणि त्यांचे काम नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना पाहते. खेळात सर्रास वापरली जाणारी ४८ घनइंची टाकी सुमारे ७९० मिलिलिटरची, म्हणजे या मर्यादेच्या वरची असते. परदेशातून सामान येताना टाकी बॅगेत आणण्याचा विचार त्यामुळे सोडून द्यावा आणि विक्रेत्याकडे टाकीच्या मंजुरीची कागदपत्रे मागावीत.

किती गोळ्यांना किती हवा पुरते, याचा ढोबळ अंदाज असा: ३,००० पीएसआय (दाबाचेच दुसरे एकक; हे सुमारे २०० बार होतात) भरलेली ४८ घनइंची टाकी साडेचारशे-पाचशे गोळ्यांना, ४,५०० पीएसआय भरलेली ६८ घनइंची टाकी हजाराच्या पुढे, आणि १२ औंस सीओटू पाचशे-सहाशे गोळ्यांना.

मार्करचे प्रकार किती, आणि त्यातला माझ्यासाठी कोणता?

ढोबळमानाने तीन. पहिला पंपाचा, ज्यात प्रत्येक गोळीला हाताने पंप मागे-पुढे करावा लागतो. दुसरा यांत्रिक, ज्यात चाप ओढला की एक गोळी सुटते आणि गॅसच्याच धक्क्याने आतील हातोडा मागे जाऊन पुढच्या गोळीसाठी तयार होतो. तिसरा इलेक्ट्रॉनिक, ज्यात बॅटरी, सर्किट बोर्ड आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघड-बंद होणारी, झडप असते. तिसऱ्या प्रकारात ‘डोळे’ म्हणजे प्रकाशाचे सेन्सर असतात. गोळी नीट आत बसल्याशिवाय ते मार्कर चालू देत नाहीत, त्यामुळे गोळी अर्धवट कापली जाऊन आत रंग सांडण्याचे प्रकार फार कमी होतात.

माझे मत विचाराल तर सातारा-सांगलीत पहिला मार्कर यांत्रिकच घ्यावा. टिपमन ९८ कस्टम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दिसायला ओबडधोबड, आवाजाने मोठा, पण सीओटू आणि हवा या दोन्हींवर चालणारा, आणि मोजक्या ॲलन चाव्यांच्या मदतीने घरच्या टेबलावर पूर्ण खोलता येणारा. त्याची तुलना मी नेहमी जुन्या राजदूत मोटारसायकलशी करतो. सायलेन्सरबद्दल तक्रार असू शकते, रस्त्यात सोडून गेल्याची नसते. प्लॅनेट एक्लिप्सचा एमेक हाही यांत्रिकच आहे, चालायला अतिशय मऊ आणि शांत आहे, गोळ्या जपून हाताळतो. मात्र तो हवेवरच वापरायचा असतो. ज्यांच्या हवेची सोय खरोखर झाली आहे त्यांनी तो जरूर पाहावा.

इलेक्ट्रॉनिक मार्करला मी नाक मुरडत नाही. स्पर्धा खेळायच्या असतील तर तोच घ्यावा लागतो. परंतु त्यांपैकी बहुतेकांना सीओटू चालत नाही, कारण थंड द्रव झडपेत शिरला की सोलेनॉइड खराब होतो, आणि बोर्ड बिघडला तर तो बदलून देणारा जवळपास कोणी भेटत नाही. पार्सल परत पाठवून महिना-दोन महिने वाट पाहण्याची तयारी हवी.

पंपाचा मार्कर हा गंभीर खेळाडूचा दुसरा मार्कर म्हणून उत्तम, पहिला म्हणून कंटाळवाणा. गोळ्या वाचतात हे मात्र खरे.

सुटे भाग मिळत नसतील तर रबरी कड्यांचे काय करायचे?

मार्करच्या दहा तक्रारींपैकी सात या कड्यांच्या, म्हणजे ओ-रिंगच्या असतात, असा माझा अनुभव आहे. टाकी जोडताच ‘सुस्स’ असा आवाज आला, की साबणाच्या पाण्यात बोट बुडवून सांध्यांवर फिरवावे. जेथे बुडबुडे फुगतील तेथे गळती आहे. बहुतेक वेळा ती टाकीच्या तोंडावरील कडीची असते. तिचे प्रमाणित माप ०१५ असे आहे आणि हायड्रॉलिक सीलच्या दुकानात हे माप सांगितले की दुकानदार लगेच ओळखतो. मात्र तेथे मिळते ती बहुधा काळ्या नायट्राइल रबराची असते, आणि सीओटू या रबरात शिरून ते फुगवतो. एकदा टाकी काढल्यावर मी अशी कडी पाहिली, ती पावसात राहिलेल्या हरभऱ्यासारखी टपोरी फुगलेली होती आणि पुन्हा खाचेत बसायला तयार नव्हती. तेथे पॉलियुरेथेनची, ९० कठीणतेची कडी मागावी. ती काही रुपयांना मिळते, म्हणून दहा घेऊन ठेवाव्यात.

तेल कोणते वापरावे हे मार्करच्या पुस्तिकेत दिलेले असते. शिवणयंत्राचे तेल, खोबरेल आणि गंज सोडवण्याचे फवारे हे तिन्ही लोक वापरतात आणि तिन्हींचा पश्चात्ताप करतात.

०.६८ की ०.५० कॅलिबर (म्हणजे गोळीचा इंचांतील व्यास)?

प्रौढांसाठी ०.६८. हाच जुना आणि जगभर रूढ आकार आहे. गोळीचा व्यास १७.३ मिलिमीटर आणि वजन सुमारे तीन ग्रॅम. ०.५० ची गोळी १२.७ मिलिमीटरची, वजनाने निम्म्याहून कमी असते आणि तिचा मार कमी लागतो, त्यामुळे शाळेच्या सहलींसाठी ती बरी. एकाच गटात दोन आकार ठेवले तर गोळ्यांचे डबे अदलाबदल होणारच, म्हणून एक काय ते ठरवावे.

लांब बॅरल घेतल्यास नेम सुधारतो का?

नाही. बारा ते चौदा इंच पुरेत. त्याहून लांब नळीने फक्त आवाज थोडा कमी होतो आणि झुडपात ती अडकते. नेम सुधारतो तो गोळी आणि नळी यांच्या मापाच्या जुळणीने. नळी मार्करवरून काढून तिच्यात गोळी टाकावी. ती गडगडत दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तर नळी ढिली आहे, आत ठासून बसली तर घट्ट आहे, आणि तोंडाने फुंकल्यावर सरकून बाहेर आली तर जुळणी उत्तम आहे. वेगळी नळी मागवताना आपल्या मार्करचे आटे कोणत्या पद्धतीचे आहेत हे आधी पाहावे. ऑटोकॉकर या दुसऱ्या मार्करच्या पद्धतीचे आटे असलेल्या नळ्या टिपमन ९८ ला बसत नाहीत.

हॉपर, म्हणजे मार्करवर बसणारा गोळ्यांचा डबा, कोणता घ्यावा?

यांत्रिक मार्करसाठी साधा, गुरुत्वाने चालणारा, २०० गोळ्यांचा प्लॅस्टिकचा हॉपर पुरतो. तो सेकंदाला जेमतेम आठ गोळ्या खाली सोडतो, आणि माणसाचे बोट त्याहून जलद क्वचितच चालते. बॅटरीवरचा हॉपर इलेक्ट्रॉनिक मार्करसाठी असतो.

मास्क इतका महत्त्वाचा का? हेल्मेट किंवा गॉगल चालणार नाही का?

डोळ्याला दुसरा सुटा भाग मिळत नाही, म्हणून. तीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ८५ मीटर वेगाने आली तर तिच्यात सुमारे ११ ज्यूल ऊर्जा असते. कातडीवर तिने वळ उठतो, उघड्या डोळ्यावर ती दृष्टी घालवू शकते. दुचाकीचे हेल्मेट, क्रिकेटची जाळी, कारखान्यातील चष्मा आणि पोहण्याचा गॉगल यांपैकी काहीही या आघातासाठी बनवलेले नाही. पेंटबॉलसाठीच्या मास्कवर एएसटीएम एफ१७७६ हे मानक नोंदलेले असते. ते पाहून घ्यावे, आणि ते नसलेला मास्क कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

काच दुहेरी घ्यावी. एकेरी काच आपल्या जून-सप्टेंबरच्या दमट हवेत पाच मिनिटांत धुरकट होते, आणि ती पुसण्यासाठी खेळाडू मैदानातच मास्क वर करतो, हा या खेळातील सर्वांत धोकादायक क्षण असतो. चष्मा लावणाऱ्यांनी दुकानात चष्म्यासह मास्क घालून पाहावा. कानापाशी दांड्या टोचत असतील तर तासाभरात डोके दुखते. काच साध्या पाण्याने आणि मऊ सुती कापडाने पुसावी. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव पॉलिकार्बोनेटवर, म्हणजे मास्कची काच ज्या प्लॅस्टिकची असते त्यावर, बारीक भेगा पाडतात. जवळून थेट फटका बसलेली किंवा भेग दिसणारी काच त्याच दिवशी बदलावी.

मार्करवर खर्च केल्यावर मास्कसाठी पैसे उरले नाहीत, असे सांगणाऱ्याला आम्ही खेळायला घेत नाही.

गोळ्या कशा निवडाव्यात आणि कशा ठेवाव्यात?

गोळीचे कवच जिलेटिनचे असते आणि आतील रंग म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, खाद्यरंग वगैरेंचे पाण्यात धुऊन जाणारे मिश्रण असते. जिलेटिन हवेतील ओल शोषते. साताऱ्याच्या पश्चिमेला, विशेषतः महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला, पावसाळ्यात उघडा ठेवलेला डबा दुसऱ्या दिवशी हात घालण्याजोगा राहत नाही. गोळ्या फुगतात, एकमेकींना चिकटतात, अंडाकृती होतात आणि नळीत फुटतात. उलट थंड, कोरड्या हवेत कवच ठिसूळ होते आणि गोळी नळीतून निघतानाच फुटते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे, तशी ही वस्तू नाही. दोन-तीन महिन्यांत संपेल इतकीच घ्यावी, हवाबंद डब्यात, घरातील थंड आणि सावलीच्या खोलीत ठेवावी आणि एकाच बाजूला दबू नये म्हणून आठवड्यातून एकदा डबा उलटा करावा. फ्रिजमध्ये ठेवू नये. गोठवलेली गोळी अधिक लागते या समजुतीने कोणी तसे करत असेल तर त्याला मैदानाबाहेर काढावे.

विकत घेताना डबा उघडून वीस-पंचवीस गोळ्या हातात घेऊन पाहाव्यात. शिवण वर आलेली, खळगा पडलेली किंवा तेलकट वाटणारी गोळी नको. गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर टाकलेली चांगली गोळी बहुधा फुटत नाही; डोक्याच्या उंचीवरून टाकलेली एक-दोन वेळांत फुटली पाहिजे. कितीही उंचावरून टाकली तरी ती उसळतच राहिली, तर ती गोळी अंगावरही फुटणार नाही, नुसती लागेल. जमिनीवर पडलेल्या गोळ्या पुन्हा वापरू नयेत. आपल्याकडील मुरमाचा एक खडा नळीत ओरखडा पाडायला पुरतो.

एक पेटी साधारण २,००० गोळ्यांची असते. नवा खेळाडू दिवसाला तीनशे-चारशे गोळ्या सहज उडवतो. मार्कर एकदाच घ्यावा लागतो, गोळ्या दर खेपेला घ्याव्या लागतात, हे खरेदीपूर्वी कागदावर मांडावे.

जिलेटिन मांसाहारी असते का?

होय, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. गोळी फुटल्यावर रंग तोंडाला लागू शकतो, त्यामुळे ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांना आणि सहलीला येणाऱ्या मुलांच्या पालकांना ते आधी स्पष्ट सांगावे.

वेग किती ठेवावा?

मोकळ्या मैदानात सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर, ही कमाल मर्यादा सर्वत्र मानली जाते. बहुतेक मैदाने २८० वर थांबतात आणि आम्हीही तेच करतो. वेगमापक, म्हणजे क्रोनोग्राफ, गटाने मिळून एक घ्यावाच. जवळून, म्हणजे तीन-साडेतीन मीटरच्या आत, गोळी झाडू नये.

या खरेदीला परवाना लागतो का?

येथे घाईने ‘नाही’ म्हणणारे विक्रेते भेटतात. छऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही, मग याला कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. परंतु शस्त्र नियम, २०१६ मधील ती सवलत दोन अटींवर आहे: नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत. पेंटबॉल मार्कर ऊर्जेच्या अटीत आरामात बसतो, व्यासाच्या अटीत मात्र बसत नाही, कारण त्याची नळी १७ मिलिमीटरची आहे. म्हणून एअरगनवरून अनुमान काढू नये. पैसे भरण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवाना शाखेत मॉडेलचे नाव, व्यास आणि ऊर्जा लिहून अर्ज द्यावा आणि उत्तर लेखी घ्यावे. परदेशातून मागवायचे असल्यास हे आधी करणे अधिकच आवश्यक आहे, कारण सीमाशुल्क विभागात अडकलेले पार्सल सोडवताना ‘मला वाटले खेळणे आहे’ हे उत्तर चालत नाही. विक्रेत्याकडून मार्करच्या अनुक्रमांकासह पक्के बिल घ्यावे.

ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतो तो मार्कर कसा आहे?

तो बहुधा मार्कर नसतोच. पाण्यात भिजवून फुगवलेल्या सात-आठ मिलिमीटरच्या जेलच्या गोळ्या उडवणारे ते बॅटरीचे खेळणे असते. वर्णनात ०.६८ कॅलिबर आणि टाकीच्या आट्यांचा उल्लेख नसेल तर पुढे पाहू नये.

जुना मार्कर घ्यावा का?

यांत्रिक असेल तर अवश्य. एखादे मैदान बंद झाले की त्याचे मार्कर एकगठ्ठा विकायला निघतात, आणि त्यांतून चांगली वस्तू मिळते. मात्र टाकी जोडून, वेगमापकासमोर किमान दहा गोळ्या झाडून पाहाव्यात. लागोपाठच्या गोळ्यांच्या वेगात दहा-पंधरा फुटांचा फरक चालतो. चाळीस-पन्नासचा फरक पडत असेल तर आतील झडप किंवा स्प्रिंग गेलेली असते. मग मागचे झाकण काढून बोल्टवर, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या दांड्यावर, बोट फिरवावे. नखाला अडेल असा ओरखडा, झिजलेले ॲलन स्क्रू आणि वाळलेल्या रंगाचा थर या तीन गोष्टींवरून मालकाने मार्कर कसा वापरला ते कळते. गेल्या वर्षी एका विक्रेत्याने मला ‘दोनदाच वापरलेला’ म्हणून मार्कर दाखवला. आत तीन वेगवेगळ्या रंगांचे थर होते. मी भाव निम्मा केला, आणि तोही निमूटपणे मानला गेला. टाकी मात्र जुनी घेऊ नये, तारीख ताजी असली तरच विचार करावा.

कृषी पर्यटन केंद्रासाठी किती मार्कर घ्यावेत?

दहा जणांच्या खेळाला बारा मार्कर आणि पंधरा मास्क. सर्व मार्कर एकाच मॉडेलचे असावेत, म्हणजे एक नादुरुस्त झाला तर त्याचे भाग इतरांना कामी येतात. नेम लागण्याजोगे अंतर तीस-चाळीस मीटर असले तरी उंच झाडलेली गोळी त्याच्या दुपटीहून लांब जाते, तेव्हा शेजारच्या द्राक्षबागेत माणसे काम करत असतील तर मैदानाभोवती जाळी लावण्याचा खर्च आधी धरावा. प्रत्येक मार्करला नळीवर घालायची कापडी खोळ हवी आणि डाव संपताच ती चढवण्यासाठी एक माणूस नेमलेला हवा.

मार्कर गाडीवरून नेताना काय काळजी घ्यावी?

उघडा नेऊ नये. दुरून तो बंदूकच दिसतो, आणि रात्री नाकाबंदीवरील पोलिसाला त्यातील फरक समजावून सांगण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. हॉपर आणि टाकी काढून, नळीवर खोळ घालून, तो बंद पिशवीत ठेवावा. टाकी वेगळ्या कापडात गुंडाळावी. बिलाची आणि परवाना शाखेच्या उत्तराची प्रत वरच्या कप्प्यात असावी, आणि पोलिसाने विचारल्यास पिशवीत हात घालण्याआधी आत काय आहे ते तोंडाने सांगावे.